कढीपत्त्याचा खुनी आणि माझी चाळीस मिनिटं

२२ जून, रविवार
आजपासून रोजनिशी. जानेवारीत सुरू केली होती ती चार पानं फाडून टाकली. त्यांत नुसते वजनाचे आकडे होते आणि ते चढत चालले होते. आता विषय गंभीर आहे.

इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात माझं भाषण पक्कं झालं. रविवार, ३१ ऑगस्ट. चाळीस मिनिटं. अध्यक्ष अहिल्याताई फोनवर म्हणाल्या की बघू या. म्हणजे हो. विषय : लंडनचे खून आणि १८८८ची वर्तमानपत्रं. व्हाइटचॅपल भागात एकामागून एक बायका मारल्या गेल्या, खुनी सापडला नाही, आणि गेली एकशे सदतीस वर्षं लोक नावं सुचवताहेत. मी नाव सुचवणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. यातल्या कितीतरी थिअऱ्या पोलिसांच्या नाहीतच, खपासाठी झटणाऱ्या वर्तमानपत्रांच्या आहेत. आपण खुनांचा तपास करतच नाही आहोत, बातम्यांचा करतोय. हे वाक्य मला स्वतःला फार आवडलं. बायकोला, आश्लेषाला, ऐकवलं. तिने कुकर बंद करायला सांगितलं.

३१ ऑगस्ट हीच त्या खुनांतली एक मुख्य तारीख! हा योगायोग अहिल्याताईंना कळवला. त्यांनी उलट कळवलं की आरती साडेसहाला आहे.

संकल्प : रोज दोन जुने अंक वाचायचे, स्कॅन केलेले, मूळ. पुराव्याशिवाय तर्क करायचा नाही. गोड बंद.

२४ जून, मंगळवार
अर्धं मॉरिसव्हिल, म्हणजे अमेरिकेतलं आमचं गाव, सुट्टीसाठी भारतात निघालं. आम्ही नाही. व्हिसाचं स्टॅम्पिंग करायला गेलो आणि तिकडेच अडकलो तर काय, या भीतीने यंदा घरीच. त्यामुळे सगळ्यांचे कढीपत्ते माझ्या गळ्यात. अहिल्याताईंची दोन झाडं, सिद्धेशचं एक, आणि संघमित्राचं एक, जे तिने बियांपासून सात वर्षं वाढवलंय. चारही झाडं त्यांच्या त्यांच्या मागच्या अंगणात. इथे हिवाळ्यात लोक कढीपत्त्याला आत घेऊन हीटरशेजारी बसवतात. पाहुण्यालासुद्धा ती जागा मिळत नाही.

आश्लेषा म्हणाली, दिवसाआड पाणी घाल, बास. मी तिला आठवण करून दिली की आमची आई कढीपत्त्याला ताक घालायची आणि झाड पत्र्याच्या वर गेलं होतं. ती म्हणाली की आई घरचं ताक घालायची, पातळ करून, आणि... पुढचं ऐकता आलं नाही, मीटिंग होती.

संध्याकाळी दुकानातून बटरमिल्कचे चार मोठे कार्टन आणले. पातळ करणार नाही. लोकांच्या झाडांशी कंजूषपणा करणं माझ्या स्वभावात नाही.

२६ जून, गुरुवार
ताक सुरू. दिवसाआड, प्रत्येकी दोन कप. आमच्या स्वयंपाकघरातलं झाड आश्लेषा बघते. तिथे मला मनाई आहे. कारण विचारलं नाही.

जुने अंक : शून्य. गोड : संघमित्राने जाताना दिलेली संत्रा बर्फी. फळातच धरतो.

३ जुलै, गुरुवार
समोरच्या टाउनहाउसमध्ये नवा माणूस आलाय. शैलेंद्र, अमरावतीचा. बियाण्यांच्या कंपनीत लॅबमध्ये काम करतो. एकटाच आहे, बायको डिसेंबरात येणार. चहाला बोलावलं आणि भाषणाचा पहिला भाग ऐकवला. सव्वा तास. पठ्ठ्याने तीन प्रश्न विचारले! आश्लेषाने या विषयावर आठ वर्षांत एकही विचारलेला नाही. त्याने हेही विचारलं की त्या बायकांबद्दल वर्तमानपत्रं काय लिहायची, त्यांची नावं तरी नीट छापायची का. यावर माझ्याकडे स्लाइड नव्हती. करायला हवी.

जाताना म्हणाला, मनोहरभाऊ, मला पूर्ण ऐकायचं आहे. दर गुरुवारी येत जाऊ का?

असा माणूस मला या देशात यायच्या आधी भेटायला हवा होता.

१० जुलै, गुरुवार
शैलेंद्र आला. बूट शिवणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगितली. मोहल्ल्यातल्या कुजबुजीला एका सायंदैनिकाने 'लेदर एप्रन' हे नाव घेऊन पानभर जागा दिली. झालं. कातडी एप्रन घालणारा गरीब माणूस म्हणजे खुनी. त्या बूटवाल्याला भीतीने नातेवाइकांत लपून बसावं लागलं. पोलिसांनी पकडलं, चौकशी केली, निर्दोष म्हणून सोडलं. शैलेंद्र घरच्या रोपासाठी चहाचा चोथा पुडीत बांधत होता, तो थांबला. मग म्हणाला, सुटल्याची बातमी किती जणांनी वाचली असेल हो?

चांगला प्रश्न. भाषणात माझा म्हणून घालतो.

अहिल्याताईंचा पुण्याहून मेसेज : फॅन्सी ड्रेस वाढलाय, भाषण पंचवीस मिनिटांत बसवा. बसवणार नाही.

१९ जुलै, शनिवार, सकाळी ७.१०
सिद्धेशचं झाड मेलं.

पानं काळी पडून गळाली. परवा थोडी पिवळी दिसली म्हणून मी ताक वाढवलं होतं, तरीही. मातीवर पांढरे डाग. कुंडीला आंबूस वास. रोग नाही हा. सव्वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली आहेत, आपोआप झालेलं आणि कुणीतरी केलेलं यातला फरक मला कळतो.

२० जुलै, रविवार
मंडळाचं साप्ताहिक बातमीपत्र मीच काढतो. दोनशे बारा जणांना ईमेलने जातं, उघडतात एकतीस. आज साधी माहिती दिली : 'सिद्धेश यांच्या कढीपत्त्याचा संशयास्पद मृत्यू'. 'संशयास्पद' हा शब्द संपादक म्हणून घालावाच लागतो, नाहीतर ती बातमी होत नाही.

संध्याकाळपर्यंत अठ्ठ्याऐंशी जणांनी उघडलं.

२१ जुलै, सोमवार
एकशे सहा.

२७ जुलै, रविवार
संघमित्राचं गेलं. सात वर्षांचं झाड. तेच पांढरे डाग, तोच आंबूस वास. तिला नागपूरला फोन केला. तिने दोनदा विचारलं की नक्की तिचंच का. मग म्हणाली की शैलेंद्र तिच्या विदर्भातल्या ओळखीचा आहे, त्याला मातीतलं कळतं, त्याला बघायला सांगते. मी म्हटलं, गरज नाही, तपास माझ्याकडे आहे.

पुरावा खराब होऊ नये म्हणून डाग पुसले नाहीत. वरून ताक मात्र घालत राहिलो, एखादी फांदी जिवंत असली तर.

बातमीपत्र : 'दुसरा बळी!' एकशे एकेचाळीस जणांनी उघडलं. पार दुसऱ्या राज्यातल्या प्लेनोहून कुणीतरी विचारलं की आम्हालाही पाठवाल का.

३ ऑगस्ट, रविवार
एकाच दिवशी दोन! अहिल्याताईंची दोन्ही झाडं. १८८८मध्येही एकाच रात्री दोन खून झाले होते. जेवायलाही उठलो नाही. दुःखाने. अंक तासाभरात तयार.

खुन्याच्या पद्धतीचे मुद्दे काढले. फक्त मराठी घरं. फक्त मालक भारतात असताना. माझ्या येण्याजाण्याच्या वेळा त्याला ठाऊक आहेत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आमच्या घरच्या झाडाला तो हात लावत नाही. मला घाबरतो.

आश्लेषाला हा शेवटचा मुद्दा सांगितला. ती माझ्याकडे नको इतका वेळ बघत राहिली.

५ ऑगस्ट, मंगळवार
साक्षीदार मिळाला. सिद्धेशच्या शेजारच्या काकूंनी एक माणूस पाहिला. त्यांच्या मागच्या खिडकीतून दिसणाऱ्या संघमित्राच्या अंगणात वाकून माती उकरत होता, छोट्या पिशव्यांत भरत होता. तोंड दिसलं नाही. हातात हिरवे हातमोजे.

हिरवे हातमोजे मी कुठेतरी पाहिलेत.

६ ऑगस्ट, बुधवार
शैलेंद्रच्या दारात पाहिलेत. चपलांच्या बाजूला, वाळत घातलेले.

७ ऑगस्ट, गुरुवार
शैलेंद्र चहाला आला. मी बरं वाटत नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, झाडांबद्दल जरा बोलायचं होतं. मी म्हटलं, नंतर. पुराव्याच्या टप्प्यावर संशयिताशी बोलायचं नसतं.

वाईट वाटलं. नाही असं नाही. भाषणाचा चौथा भाग आज होता.

१० ऑगस्ट, रविवार
मी नाव लिहिलेलं नाही. हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो. फक्त इतकंच लिहिलं : 'अलीकडेच आपल्यात आलेल्या एका व्यक्तीकडे हिरवे हातमोजे असल्याचं समजतं.' तर्क नाही. माहिती. शीर्षक मात्र चपखल हवं म्हणून 'हिरवे हातमोजे' एवढंच ठेवलं.

एकशे अठ्ठ्याऐंशी जणांनी उघडलं. मंडळ स्थापन झाल्यापासूनचा विक्रम.

१३ ऑगस्ट, बुधवार
दाराच्या फटीत चिठ्ठी! मराठीत, निळ्या पेनाने, सही नाही. 'झाडं कशाने मेली ते मला समजलंय. बातमीपत्रात लिहू नका. एकदा एकटे भेटा.'

१८८८मध्ये एका वृत्तसंस्थेला लाल शाईतलं पत्र आलं, खुन्याने स्वतः लिहिल्यासारखं. त्यातूनच त्याला जगप्रसिद्ध नाव मिळालं. नंतर पोलिसांतल्याच काहींना वाटलं की ते एखाद्या पत्रकाराने रचलं असावं. माझ्या भाषणातला हा कळसाचा मुद्दा आहे. इथे फरक एवढाच की ही चिठ्ठी खरी आहे.

बोटांचे ठसे जाऊ नयेत म्हणून पापड भाजायच्या चिमट्याने उचलली, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवली, फोल्डर भिंतीवर चिकटवला. पुरावा कसा जपावा हे त्या काळच्या पोलिसांनी माझ्याकडून शिकावं.

एकटा भेटणार नाही. तेवढा मूर्ख नाही मी.

१७ ऑगस्ट, रविवार
'खुनी लिहितो!' चिठ्ठीचा फोटो मोठा करून छापला. दोनशे चार. उरलेल्या आठांतल्या तिघांचे ईमेल बंद पडलेत.

भारतातून सगळे परतले. अहिल्याताईंनी दोन रिकाम्या कुंड्या पाहिल्या आणि डोळ्यांना पदर लावला. गणपतीची फुलांची आरास शैलेंद्र करणार होता, त्याने फुलवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं. त्यांनी त्याला कळवलं की यंदा प्लास्टिकचीच फुलं वापरू. फार गोड शब्दांत कळवलं, मी वाचलं. सिद्धेशने अंगणात कॅमेरा लावला. शैलेंद्रला पाहिल्यावर काकू रस्ता बदलतात.

मी यातलं काहीही करा म्हणून सांगितलेलं नाही.

भाषण : दहा मिनिटं. फॅन्सी ड्रेसमध्ये आणखी तीन गणपती वाढले.

२१ ऑगस्ट, गुरुवार
शैलेंद्र आला नाही. त्याचा नेहमीचा कप चुकून काढून ठेवला होता. परत ठेवला.

२६ ऑगस्ट, मंगळवार
अहिल्याताई : चार मिनिटं. आरतीच्या आधी, लोक बसत असताना. मी म्हटलं, चार मिनिटांत एकशे सदतीस वर्षं कशी सांगू? त्या म्हणाल्या, पटपट.

जुने अंक आजवर : अकरा. संकल्पाप्रमाणे एकशे तीसच्या आसपास हवे होते. तपासामुळे मागे पडलो.

३० ऑगस्ट, शनिवार, दुपारी
आश्लेषाला आरतीचे कागद घालायला प्लास्टिकचा फोल्डर हवा होता. घरात एकच होता. भिंतीवरचा. मी बाथरूममध्ये भाषण म्हणत होतो. बाहेर आलो तर चिठ्ठी तिच्या हातात, उघड्या हातात, चिमटा नाही, काही नाही. मी ओरडलो. तिने कागद उलटा केला आणि माझ्यासमोर धरला.

मागे छापलेलं होतं. लॅबचा रिपोर्ट. चार नमुने : सिद्धेश, संघमित्रा, अहिल्याताई एक, अहिल्याताई दोन. चारही ठिकाणी सोडियम अतिशय जास्त. खाली त्याच निळ्या पेनाने : 'मीठ गेलंय, बहुतेक बटरमिल्कमधून. संघमित्राताईंनी तपासायला सांगितलं होतं, त्यांनाही अजून बोललो नाही. चूक कुणाचीही होऊ शकते. तुम्हीच सगळ्यांना सांगा, ते बरं. शैलेंद्र.'

सतरा दिवस भिंतीवर होतं.

मी म्हटलं, ताकात मीठ मी घातलेलं नाही. आश्लेषा फ्रिजकडे गेली, कार्टन आणला, तिचा चष्मा माझ्या नाकावर ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. दूध, विरजण, मीठ. इथे विकताना आधीच घालतात. तिने जूनमध्येच सांगितलं होतं म्हणे, मी मीटिंगला पळालो तेव्हा.

अक्षर बारीक आहे. हे मी तिला म्हणालो. तिने माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला.

भाषणाची चौदावी स्लाइड : 'नेहमी मूळ कागद वाचा.'

३० ऑगस्ट, संध्याकाळी
ठरलं. उद्या माईक हातात आला की आधी कबुली. मग शैलेंद्रची माफी, सगळ्यांसमोर, नाव घेऊन. मग उरलेल्या वेळात १८८८. चार मिनिटं पुरेत.

३१ ऑगस्ट, रविवार
शैलेंद्र आला होता. मला वाटलं नव्हतं. इस्त्रीचा कुर्ता, मागच्या रांगेत, चपला काढतात त्या बाजूला. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या, आणि पुढे लोक उभे. मांडीवर वही आणि पेन. अख्ख्या हॉलमध्ये भाषण ऐकायला आलेला तो एकटाच होता.

माईक हातात आला. कबुली द्यायची म्हणजे जरा पार्श्वभूमी हवी, म्हणून धुक्यापासून सुरुवात केली. मग दिवाबत्ती. मग अर्ध्या पेनीची सायंदैनिकं. लोक खुर्च्या सरकवत होते, तीन गणपती एकमेकांच्या सोंडा ओढत होते. शैलेंद्र लिहून घेत होता. बूटवाल्या माणसापाशी आलो आणि त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी स्लाइड बदलली. घंटा वाजली. अहिल्याताईंनी माईक घेतला. मी म्हटलं, बाकीचं अंकात लिहितो.

'झाडं मी मारली.' घरी येऊन मोजलं. तीन शब्द. चार मिनिटांत बसले असते.

लाज वाटते आहे. हे इथे लिहितो, कारण इथे कुणी वाचत नाही.

७ सप्टेंबर, रविवार
दुरुस्ती छापली. कबुली पहिल्यांदा वर घातली होती, पण वर विसर्जनाचे फोटो आले. मग मध्ये घातली, तिथे पार्किंगची सूचना आली. शेवटी सगळ्यांत खाली : 'कढीपत्ता प्रकरणात कुणा बाहेरच्या व्यक्तीचा हात नसून संपादकांकडून अनवधानाने क्षारयुक्त द्रव वापरला गेला होता.' आश्लेषाने वाचलं. विचारलं की शैलेंद्रचं नाव कुठे आहे. मी म्हटलं, आधीही घेतलं नव्हतं, मग आता कसं घेणार? ती उठून दुसऱ्या खोलीत गेली.

एकोणीस जणांनी उघडलं.

८ सप्टेंबर, सोमवार
सिद्धेशने कॅमेरा काढलेला नाही. अंक वाचलास का, असं त्याला विचारलं. म्हणाला, तुझे खुनाचे अंक मस्त होते यार, हा राहिला.

११ सप्टेंबर, गुरुवार
संकल्प : आज शैलेंद्रकडे जायचं. रिपोर्ट हातात घेऊन, आश्लेषाशिवाय.
पाऊस होता.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
शनिवारी नक्की.

१३ सप्टेंबर, शनिवार, सकाळी ९.३०
गेलो. बेल वाजवली. पडदे नव्हते. आतली खोली सरळ दिसली, रिकामी.

संघमित्राला फोन केला. ती म्हणाली, तो काल देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बॉथेलला गेला, तिथल्या ऑफिसमध्ये बदली मागून घेतली होती, तुम्हाला माहीत नव्हतं का? पुढे म्हणाली की बायकोला इथे आणायची त्याची इच्छा राहिली नव्हती. मग विचारलं की माझ्या झाडाला तुम्ही नक्की काय घातलं होतंत. मी सांगितलं. तीन शब्दांऐवजी बरेच लागले. ती म्हणाली, हे हॉलमध्ये बोलायला हवं होतं, दादा.

घरी आलो तर दारात कुंडी. सकाळी निघालो तेव्हाही असणार, मी पाहिलीच नाही. कढीपत्त्याचं रोप, वीतभर, त्याने स्वतः वाढवलेलं. गुरुवारी आमच्या गाळणीतला चहाचा चोथा तो या रोपासाठीच घेऊन जायचा. देठाला दोऱ्याने कागदाचा तुकडा बांधलेला, निळं पेन, ओळखीचं अक्षर :

'फक्त पाणी.'

या वेळी मी कागद लगेच उलटा केला. मागे काही नव्हतं. चष्मा आणून पुन्हा पाहिलं.